आठ महिन्यांनंतरचा हात: औषध का नाही, आणि आता काय करायचं

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते. वडिलांचं वय ५८. आठ महिन्यांपूर्वी मेंदूत गुठळी अडकून उजवी बाजू गेली. आता ते डाव्या हातात काठी घेऊन घरात फिरतात. बोलताना शब्द अडतो, पण समजतं सगळं. उजवा हात मात्र मांडीवर पडून असतो. फिजिओ आठवड्यातून तीनदा येतात. वीस-पंचवीस मिनिटं शेक, करंट आणि हात वर-खाली. डॉक्टर म्हणाले, 'सहा महिन्यांत जे यायचं ते आलं.' एका सेंटरने स्टेम सेलची, म्हणजे मूळ पेशींची, इंजेक्शनं सुचवली आहेत आणि त्यासाठी घरात जमीन काढायचं बोलणं चालू आहे. शेवटी तुम्ही विचारलंय, जगभर एवढं संशोधन चालू असताना हात परत आणणारं एक औषध का नाही?

मी बावीस वर्षं न्यूरो फिजिओथेरपी करते, सातारा जिल्ह्यात. तुमचा शेवटचा प्रश्न मला स्वतःला कितीतरी वर्षं छळतोय, म्हणून उत्तर लांबणार आहे.

जमिनीचं आधी सांगते, कारण तोवर कुणी विसार घेऊन बसायला नको. जमीन विकू नका. स्टेम सेलने पक्षाघातातला हात परत येतो असा भरवशाचा पुरावा आज नाही. आपल्याच देशात डॉ. कामेश्वर प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२० रुग्णांवर रीतसर चाचणी केली. निम्म्या लोकांना त्यांच्याच अस्थिमज्जेतल्या पेशी शिरेतून दिल्या, तेही झटक्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत. २०१४ साली निष्कर्ष आला: धोका दिसला नाही, पण फायदाही दिसला नाही. आयसीएमआर या वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशा आजारात स्टेम सेल फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच देता येतात, आणि खऱ्या चाचणीत रुग्णाकडून उपचाराचे पैसे घेत नाहीत. त्या सेंटरकडे फक्त एक गोष्ट मागा: सीटीआरआय या सरकारी नोंदवहीतला चाचणीचा क्रमांक. तो नसेल तर विषय तिथेच संपवा.

आता मूळ अडचण. तुम्हाला वाटतंय प्रश्न औषधाचा आहे. मला वाटतं प्रश्न असा आहे: या हाताला आजवर पुरेसा सराव मिळाला का, आणि मिळाला नसेल तर आता देऊन उपयोग होईल का? पहिल्या भागाचं उत्तर मी न बघता देऊ शकते: नाही मिळाला. दुसऱ्या भागाचं उत्तर बऱ्याच गोष्टींवर अवलंबून आहे. मेंदूतून हाताकडे जाणारी मुख्य वाट पूर्ण तुटली की थोडी शिल्लक आहे, बोटं स्वतःहून जराशी तरी उघडतात का, हाताला स्पर्श कळतो का, खांदा दुखतो का, त्यांचं मन खचलंय का. हे मला इथून दिसत नाही. तपासायची एक सोपी रीत पुढे देते.

'सहा महिने' ही गोष्ट कुठून आली ते बघू. कोपनहेगनमध्ये १,१९७ रुग्णांवर लक्ष ठेवून १९९५ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. बहुतेक सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत दिसते आणि मग आलेख सपाट होतो, असं त्यात आढळलं. निरीक्षण खरं आहे. झटक्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत मेंदू स्वतःहून नवे जोड बांधायच्या धडपडीत असतो, तेव्हा कमी कष्टात जास्त मिळतं. पण तो आलेख त्या काळी जेवढे उपचार मिळत होते तेवढ्यावरचा, सगळ्यांच्या सरासरीचा आहे. आपल्याकडे तर आलेख सपाट व्हायची वेळ आणि पैसे संपून फिजिओ बंद व्हायची वेळ एकच असते. मग हात थांबला की सराव थांबला, हे कुणी आणि कसं ठरवायचं?

आता औषधाकडे येते. पक्षाघाताच्या संशोधनाला मोठं यश मिळालं ते पहिल्या काही तासांत. १९९५ मध्ये गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सिद्ध झालं, २०१५ मध्ये मोठी गुठळी तारेने ओढून काढण्याचे फायदे एकापाठोपाठ एक चाचण्यांत दिसले. यानं असंख्य लोक वाचले. पण त्या तासांत हॉस्पिटल गाठू न शकलेल्यांचं काय, आणि गाठूनही हात गेला त्यांचं काय, ही बाजू कितीतरी मागे राहिली. तिथे आपण पुन्हा पुन्हा एकाच दगडाला ठेचकाळलो. छोटा अभ्यास होतो, निकाल देखणा येतो, सगळीकडे आशा पसरते आणि मोठ्या अभ्यासात ती मोडते.

फ्लुऑक्सेटिनचं बघा. हे नैराश्यावरचं जुनं, स्वस्त औषध. २०११ साली फ्रान्समध्ये ११८ रुग्णांच्या 'फ्लेम' चाचणीत ते घेणाऱ्यांचा हात-पाय जास्त सुधारला. आम्हा सगळ्यांना फार आनंद झाला होता. माझ्याकडे येणाऱ्या चिठ्ठ्यांवर ते औषध दिसू लागलं, आणि मीही पेशंटना 'याने हात लवकर येईल' असं सांगत होते. मग ब्रिटनमध्ये ३,१२७ रुग्णांची 'फोकस' चाचणी झाली. निकाल २०१८ च्या अखेरीस आला: हालचालीत, स्वावलंबनात काहीच फरक नाही. नैराश्य थोडं कमी, पण हाडं मोडण्याचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून २.९ टक्क्यांवर. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि व्हिएतनाममधल्या चाचणीने आणि स्वीडनमधल्या चाचणीने २०२० मध्ये तेच सांगितलं. सिटिकोलिन हे मेंदूच्या पेशी सावरतील या आशेने द्यायचं औषध आपल्याकडे आजही भरपूर लिहून दिलं जातं. त्याचीही २,२९८ रुग्णांवर युरोपात चाचणी झाली, २०१२ मध्ये निकाल आला, फायदा नाही. तुमच्या फाइलमध्ये ते असेल तर डॉक्टरांना आदराने विचारा, 'हे चालू ठेवायची गरज आहे का?' स्वतःहून काहीही बंद करू नका, विशेषतः रक्त पातळ करण्याच्या आणि बीपीच्या गोळ्या. त्या दुसरा झटका टाळतात.

या अपयशांचा अर्थ 'मेंदूला काही करताच येत नाही' असा मी घेत नाही. मला त्यात तीन चुका दिसतात, आणि त्या माझ्या टेबलावरही मी पाहिल्या आहेत.

पहिली चूक वेळेची. नोकरी लागली तेव्हा आम्हाला शिकवलं होतं की पेशंटला जितक्या लवकर आणि जितकं जास्त उठवाल तितकं चांगलं. तेव्हाच्या माझ्या हॉस्पिटलमध्ये दाखल झाल्याच्या दुसऱ्या सकाळी आम्ही पेशंटला उभं करायचो. एका आजोबांना मी असं अर्धा तास उभं ठेवून चालवायचा प्रयत्न केला. ते पांढरेफटक पडले, बीपी खाली गेलं आणि दुपारपर्यंत होता तो पायही ढिला झाला. त्यांच्या मुलीचा चेहरा मला अजून आठवतो. पुढे २०१५ मध्ये ज्युली बर्नहार्ट यांच्या नेतृत्वाखालच्या 'अव्हर्ट' चाचणीचा निकाल आला: पाच देश, ५६ हॉस्पिटलं, २,१०४ रुग्ण. पहिल्या २४ तासांतच आणि खूप जास्त वेळ उठवलेल्यांपैकी ४६ टक्के तीन महिन्यांनी चांगल्या स्थितीत होते. नेहमीच्या पद्धतीने उठवलेल्यांत हा आकडा ५० टक्के. म्हणजे आमची घाई काही लोकांना महागात पडत होती. त्याच माहितीचं नंतर विश्लेषण झालं तेव्हा थोडं थोडं पण वारंवार उठवणं बरं ठरलं. मी तेव्हापासून पहिल्या दिवसांत पाच-दहा मिनिटांच्यावर जात नाही.

दुसरी चूक प्रमाणाची, आणि तुमच्या वडिलांच्या बाबतीत मला हीच सगळ्यात मोठी वाटते. कॅथरिन लँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिका-कॅनडातल्या केंद्रांत बसून ३१२ सत्रांत नेमक्या हालचाली मोजल्या. ज्या सत्रांत हाताचा कामाचा सराव होत होता, त्यांत तो सरासरी ३२ वेळा झाला. बत्तीस! प्राण्यांवरच्या ज्या प्रयोगांमुळे मेंदू बदलतो हे कळलं, त्यांत रोज शेकड्यांनी हालचाली असतात. ही २००९ ची आकडेवारी वाचून मी आठवडाभर स्वतःच्या सत्रांत मोजायचं ठरवलं. हातात छोटं मोजणीयंत्र धरलं. चाळीस मिनिटांच्या सत्रात शेक, करंट, गप्पा, बीपी, खुर्ची सरकवणं सगळं जाऊन पेशंटने स्वतः हात पुढे नेऊन वस्तू धरली ती अकरा वेळा. दुसऱ्या दिवशी चौदा. मी दिवसभर राबत होते आणि पेशंटचा हात जवळजवळ रिकामा बसत होता.

त्यानंतर मोजणं माझ्याकडे नियम झाला, आणि त्याची सगळ्यात छान पद्धत मला कोरेगावकडच्या एका आजींनी शिकवली. त्यांचे यजमान वारकरी. झटक्यानंतर डावा हात मूठ होऊन बसलेला, बोटं अर्धवट उघडायची. मी सांगितलं, वाटीतला एक शेंगदाणा उचलून ताटलीत टाकायचा, असं पुष्कळदा. आजींनी विचारलं, 'पुष्कळदा म्हंजी किती?' मी म्हटलं, तीनशे. त्यांनी गळ्यातली तुळशीची माळ काढली. एक शेंगदाणा, एक मणी. सकाळी एक माळ, दुपारच्या झोपेनंतर एक, संध्याकाळी हरिपाठाआधी एक. एकशे आठ गुणिले तीन, तीनशे चोवीस. आजोबा वैतागायचे, शेंगदाणे सांडायचे, आजी निवडून पुन्हा वाटीत भरायच्या. शेंगदाणा सोपा झाला की हरभरा, मग मूग. अडीच महिन्यांनी ते त्या हाताने तांब्याचा काठ धरून ठेवायचे आणि उजव्या हाताने पाणी ओतायचे. हात पूर्ण आला नाही. पण आंघोळीला दुसऱ्या माणसाची गरज उरली नाही.

इथे प्रामाणिकपणे दुसरी बाजू सांगायलाच हवी. नुसता आकडा वाढवला की हात वाढतो, असं सरळ गणित नाही. त्याच लँग यांनी झटक्याला सहा महिने उलटून गेलेल्या ८५ लोकांना वेगवेगळ्या मात्रेत सराव दिला, कुणाला ३,२००, कुणाला ६,४००, कुणाला ९,६०० हालचाली. २०१६ मध्ये निष्कर्ष आला की सुधारणा थोडीच होती आणि जास्त मात्रेच्या गटाला जास्त मिळालं नाही. २०२१ मध्ये ७२ लोकांच्या एका अभ्यासात २० तासांचा जादा सराव झटक्यानंतर दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात दिला तेव्हा सर्वांत जास्त लागू पडला, आणि सहा महिन्यांनंतर दिला तेव्हा वेगळा फायदा दिसला नाही. याउलट लंडनमध्ये क्वीन स्क्वेअरला निक वॉर्ड यांच्या केंद्रात जुन्या रुग्णांना तीन आठवड्यांत ९० तासांचा सराव देतात. तिथल्या २२४ जणांत सुधारणा झाली आणि सहा महिने टिकली. मात्र तिथे तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, हे विसरून चालणार नाही. मी या सगळ्यातून एवढं घेते: जुन्या हाताला वीस तास कमी पडतात, आणि हालचाल नुसती मोजून उपयोग नाही, ती दर काही दिवसांनी जराशी अवघड व्हावी लागते आणि रोजच्या कामात उतरावी लागते. आजी शेंगदाण्यावरून मुगावर आल्या ते म्हणूनच लागू पडलं असं मला वाटतं.

तिसरी चूक मोजपट्टीची. बहुतेक मोठ्या चाचण्या 'रँकिन' नावाच्या शून्य ते सहाच्या पट्टीवर निकाल ठरवतात. ती मुळात १९५७ मधली आहे. सहा म्हणजे मृत्यू. तुमचे वडील उद्या उजव्या हाताने शर्टाचं बटण लावू लागले तरी त्या पट्टीवर त्यांचा आकडा बहुधा तोच राहील. म्हणजे त्यांना मिळालेलं मोठं काहीतरी चाचणीत शून्य म्हणून नोंदलं जाईल. त्यात पुन्हा भर म्हणजे बोलणं गेलेल्यांना चाचण्यांतून अनेकदा वगळतात, कारण संमतीपत्र आणि प्रश्नावल्या त्यांना जड जातात. स्कॉटलंडमध्ये रुग्ण, घरचे आणि डॉक्टर यांना एकत्र बसवून विचारलं की संशोधन कशावर हवं, तेव्हा २०१२ साली यादीत सर्वांत वर आलं ते स्मरण आणि विचारशक्ती; थकवाही पहिल्या दहांत होता. माझ्या पेशंटना विचारलंत तर तेही थकव्याचं बोलतील. 'अंग नाही ताई, जीवच दमतो,' असं म्हणतात. यावर काम फारच कमी झालंय. २०१६ पासून जगभरातले पुनर्वसन-संशोधक एकत्र येऊन कुठल्या दिवसांना 'लवकर' म्हणायचं, सगळ्यांनी कुठली मोजमापं वापरायची, सरावाची मात्रा कशी नोंदवायची हे ठरवतायत. ही कामं बातमीत येत नाहीत, पण मला त्यातूनच आशा वाटते.

आपल्या देशातल्या एका चाचणीबद्दल मुद्दाम लिहिते, कारण तुमच्या घरातही तेच चाललंय. फिजिओ कमी, पैसे कमी, मग घरच्यांनाच शिकवलं तर? 'अटेंड' चाचणीत १४ हॉस्पिटलांतल्या १,२५० रुग्णांवर हे करून पाहिलं. २०१७ मध्ये निकाल आला. सहा महिन्यांनी मृत किंवा परावलंबी असलेले लोक घरच्यांना शिकवलेल्या आणि नुसते नेहमीचे उपचार मिळालेल्या, दोन्ही गटांत ४७ टक्के. मी तो निकाल वाचून दोन दिवस गप्प होते, कारण माझं अर्धं काम घरच्यांना शिकवण्याचंच आहे. आता मला त्याचा अर्थ असा लागतो की एक-दोनदा शिकवून, वही हातात देऊन घरच्यांवर सोडून दिलं तर पुरत नाही. सुनेला स्वयंपाक आहे, मुलाला ड्युटी आहे. मधे मधे कुणीतरी बघून सराव बदलून द्यायला हवा. म्हणून मी आता रोज जाऊन शेक देण्यापेक्षा आठवड्यातून एकदा जाते, तासभर बसते, काय जमलं ते मोजते आणि पुढच्या आठवड्याचं काम ठरवून देते. पेशंटचा खर्चही त्यामुळे कमी होतो.

आता तुमच्या वडिलांचं. त्यांना टेबलाशी बसवा, पाय जमिनीवर टेकलेले. समोर घडी घातलेला स्वयंपाकघरातला फडका ठेवा. म्हणा, 'कसाही उचला आणि सोडा.' बोटांनी, अंगठ्याच्या बाजूने, कसाही. नीट बघा की सोडताना बोटं उघडतात का. मग कोपर ते मनगट टेबलावर, पंजा कडेबाहेर लोंबता ठेवून मनगट वर उचलायला सांगा.

फडका उचलून सोडता आला आणि मनगट थोडंसं वर आलं, तर माझ्या दृष्टीने ही मोठी बातमी आहे. अशाच लोकांवर अमेरिकेत 'एक्साइट' नावाची चाचणी झाली: २२२ रुग्ण, झटक्याला तीन ते नऊ महिने झालेले. तुमचे आठ महिने त्यात बसतात. दोन आठवडे चांगल्या हाताला जागेपणी जवळजवळ सतत जाड मोजा घालून दुबळ्या हाताकडून रोज कित्येक तास काम करून घेतलं. २००६ मध्ये निकाल आला: हात सुधारला आणि ती सुधारणा वर्षभरानेही टिकून होती. घरी हे जसंच्या तसं करू नका. वडिलांची काठी डाव्या हातात आहे. तोच हात बांधला तर ते पडतील. मोजा फक्त खुर्चीत बसलेले असताना, दिवसातून दोन-तीन तास, गरम चहा समोर नसताना. त्या वेळेत मटार सोलणं, कपड्यांचे चिमटे काढणं, डब्याचं झाकण धरणं, पत्ते उलटणं, त्यांना आवडेल ते. माळ लावा किंवा वहीत रेघा ओढा. एक काम सहज जमू लागलं की बदला.

फडका उचलता येत नसेल, तर रस्ता वेगळा आणि लांबचा आहे. तेव्हा आरशाचा सराव करता येतो: समोर आरसा उभा ठेवून चांगला हात हलवायचा आणि प्रतिबिंबात तो दुबळाच हलतोय असं बघत दुबळ्या हाताकडूनही प्रयत्न करायचा. त्याचे पुरावे बऱ्यापैकी चांगले आहेत. करंट लावायचाच असेल तर फिजिओंना सांगा की बोटं उघडणाऱ्या स्नायूंना लावा आणि त्याच क्षणी वडिलांनी स्वतः बोटं उघडायचा जोर करायचा. टीव्ही बघत पडून घेतलेला करंट मला फारसा कामाचा वाटत नाही. बोटं घट्ट आवळली असतील तर बोट्युलिनमच्या इंजेक्शनाबद्दल न्यूरॉलॉजिस्टना विचारा. त्याने ताठरपणा सैल होतो, हात धुणं-पुसणं सोपं होतं. शक्ती त्याने येत नाही.

दोन्ही परिस्थितींत खांदा सांभाळा. उठवताना उजवा हात धरून कुणीही ओढू नका, पाहुण्यांनाही सांगा. बसताना हाताखाली उशी द्या. आणि त्यांना एकांतात विचारा, मन उदास असतं का, झोप लागते का. उदासी असेल तर त्यावर उपचार घ्या. खचलेल्या माणसाच्या हाताला मी तीनशे वेळा काही करायला लावू शकलेले नाही.

थोडक्यात पुन्हा: स्टेम सेल नको, डॉक्टरांच्या गोळ्या चालू, शेकाचे पैसे सरावाकडे वळवायचे, सहा आठवडे मोजून करायचं. सहा आठवडेच का? कारण तेवढ्या काळात काही हललं नाही तर मी त्याच सरावाला चिकटत नाही. डाव्या हाताने लिहिणं, एका हाताने शर्ट घालणं याकडे वळते. पूर्वीसारखा हात येईल असं मी तुम्हाला सांगणार नाही. आठव्या महिन्यात ते क्वचितच घडतं.

फडक्याचं आज-उद्या करून बघा आणि तीन गोष्टी इथेच लिहा: उचलला का, सोडताना कुठली बोटं उघडली, आणि डोळे मिटून उजव्या तळव्यावर चमच्याचा दांडा टेकवला तर कुठे टेकलाय ते त्यांना बोटाने दाखवता येतं का. त्यावरून पहिल्या आठवड्याचा सराव मी लिहून देईन.